बिनदात्याचं कोपर

१

सळई तुटली, परीक्षकांच्या कानाजवळून गेली आणि मागच्या कपाटाची काच फोडून थांबली. पुण्याहून आलेले ते परीक्षक हातात चहाचा कप तसाच धरून उभे होते. चहा सांडला नव्हता, एवढंच काय ते नशीब.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं होतं. सोलापूरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांची पाहणी चालू होती, आणि टेबलावर होतं नंदीशच्या ग्रुपचं मॉडेल. दात्यांची चाकं न वापरता एका दांड्याचं फिरणं काटकोनात वळवून दुसऱ्या दांड्याला द्यायचं, असं ते यंत्र. एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन लोखंडी नळकांडी, प्रत्येकात तीन भोकं, आणि ह्या भोकांतून त्या भोकांत गेलेल्या, मधे वाकवलेल्या तीन सळ्या. एक नळकांडं फिरलं की सळ्या भोकांत आत-बाहेर सरकतात आणि दुसऱ्याला फिरवतात. बघणाऱ्याला सारखं वाटतं, आता अडकेल, पण ते अडकत नाही. पोरं त्याला कोपर म्हणायची.

आज ते अडकलं. नंदीशनं बटण दाबलं, मोटर घुमली, कोपर जागचं हललं नाही, आणि पुढच्या क्षणी एक सळई वाकवलेल्या जागी तुटून उडाली.

नंदीश मैंदर्गीचा, अक्कलकोटकडचा पोरगा. एरवी शांत. त्यानं भोकाच्या तोंडाशी बोट लावलं, बघितलं आणि विभागप्रमुखांपुढे धरलं. बोटाला पिवळट चिकट तार सुटली होती.

"सर, कुणीतरी भोकांत गम भरलाय," तो म्हणाला आणि दाराकडे बघायला लागला.

दारात इंद्रजीत उभा होता. महिना-दीड महिन्यापूर्वी भांडण होऊन ह्याच ग्रुपमधून काढलेला. सगळ्या माना तिकडे वळल्या. कुणीतरी त्याची सॅक ओढली, चेन उघडली, आणि आतून गमची अर्धी पिळलेली ट्यूब खाली पडली.

२

आता सिद्धेश्वरी हत्तुरे मॅडम म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. वर्कशॉप त्यांच्याकडे. वर्गात शांत बसणं त्यांना जमायचंच नाही. शिकवताना एका जागी उभ्या राहिल्या तर पोरांना काळजी वाटायची. कुणी कुणाचं जर्नल उतरवलं, कुठल्या पोरानं कानस न चालवताच 'केलं मॅडम' म्हणून सांगितलं, हे त्यांना कसं कळतं ते कुणालाच कळलेलं नव्हतं. एखादी गोष्ट बसत नसली की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची, बस.

आज ती लागली होती. त्या विभागप्रमुखांच्या केबिनमधे उभ्या होत्या आणि समोर बसलेले चनमल्लप्पा हिरेमठ सर अहवाल लिहीत होते.

"निलंबन," सर म्हणाले. "दुसरं काय करू? सळई जरा इकडे आली असती तर माणसाचा डोळा गेला असता."

"सर, सोमवारपासून परीक्षा आहे. निलंबन झालं तर तो बसू शकणार नाही. वर्ष गेलं त्याचं. नोकरीचं पत्र आलंय त्याला, तेही गेलं."

"मला का आनंद आहे?" सरांचा आवाज दुखावलेला होता. "खंडेनवमीला मी माझ्या हातानं पूजा केली त्या मॉडेलची. ह्या पोरांचं प्रत्येक यंत्र मी हातानं पुजलं. पुजलेल्या यंत्रात गम घालायचा म्हणजे काय माणूस म्हणायचा?"

ह्याच सरांनी सिद्धेश्वरीच्या हातात पहिल्यांदा कानस दिली होती. मुलीला मेकॅनिकल कशाला, असं सगळा गोतावळा म्हणत असताना हेच तिच्या घरी येऊन बसले होते. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे जीभ जड व्हायची.

"सर, संध्याकाळपर्यंत थांबा."

सरांनी चष्मा काढला. "पाचला मी प्राचार्यांकडे जाणार. तोवर काय सापडतं ते बघ."

ती तडक वर्कशॉपमधे गेली. वर पत्रा, खाली फरशी, लेथवर खंडेनवमीच्या झेंडूच्या माळा वाळून काटक्या झालेल्या, तरी कुणी काढल्या नव्हत्या. कोपराच्या नळकांड्यावर भस्माचे तीन पट्टे आणि कुंकू अजून होतं. तिनं राहिलेली एक सळई जोर लावून उपसली. पिवळट, तपकिरी, चिकट थर. नख लावलं तर रुतत होतं. ओढलं तर तार येत होती.

तिनं वास घेतला. हा वास तिच्या चांगला ओळखीचा होता. कुठला, ते मात्र काही केल्या आठवेना, आणि ती आणखीच बेचैन झाली.

३

"शेवटचं कधी चालवलं होतंत?" तिनं नंदीशला विचारलं.

"खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मॅडम. चालत होतं, पण कुचकुच वाजायचं. मग पूजेला म्हणून रॉकेलनं धुऊन लख्ख केलं."

"धुतल्यावर तेल घातलं?"

नंदीशनं मान खाली घातली. "स्टोअरला कुलूप होतं. खंडेनवमीला कोण स्टोअर उघडतंय? म्हटलं सुट्टीनंतर घालू. नंतर चाचण्या आल्या, दिवाळी आली. मॉडेल कपाटातच राहिलं."

"आणि आज सकाळी हातानं फिरवून नाही बघितलं?"

"रात्रीच्या एसटीनं आलो, मॅडम. थेट टेबलावरच मांडलं." मग तो एकदम तापला. "पण गम आम्ही घातला का? त्याला ग्रुपमधून काढला म्हणून त्यानं डाव साधला. सगळ्यांना माहीत आहे."

"का काढलात त्याला?"

"भोकं घट्ट पाडायचा, मॅडम. केसभरसुद्धा सैल चालत नाही म्हणायचा. मी म्हणायचो थोडी फट ठेव, चालू दे एकदाचं. ऐकतच नव्हता."

पायल दुसऱ्या ग्रुपची. त्यांचं मॉडेलही दात्यांशिवायचंच, दोन चुंबकी तबकड्यांचं: एक फिरली की मधे हवा असूनही दुसरी फिरते. पहिला नंबर कोपराचा की चुंबकाचा, यावरून वर्गात दोन तट पडलेले. तेव्हा हिचंही नाव पोरांच्या तोंडी होतंच.

"मला विचारताय म्हणजे माझ्यावरही संशय आहे," पायल म्हणाली. शहरातली पोरगी, बोलायला फटकळ. "विचारा की. शेवटचा हात तर मीच लावलाय त्याला."

सिद्धेश्वरीचे येरझारा घालणारे पाय थांबले. "म्हणजे?"

"पूजा झाली. आम्ही सगळे प्रसादाला बाहेर झाडाखाली गेलो. आत सर एकटे, समई-बिमई आवरत होते. ते बाहेर आल्यावर इंद्रजीत आत गेला. मी पाणी प्यायला आले तर हा कोपराजवळ उभा, हातानं फिरवतोय. मला बघून निघून गेला. मग सरांनी मला सांगितलं, मॉडेलं कपाटात ठेव. ती मीच ठेवली, आणि सरांनी कुलूप लावलं. किल्ली सरांकडेच. कपाट आज सकाळी उघडलं, आपल्यासमोर."

"कपाटात ठेवताना कोपर फिरत होतं?"

"फिरत होतं म्हणजे काय, माझी ओढणी त्यात जाता जाता वाचली. नुसता धक्का लागला तर गरागरा फिरलं."

सिद्धेश्वरीनं मनात जुळवून बघितलं. खंडेनवमीला कोपर कपाटात गेलं तेव्हा फिरत होतं. कपाट मधे कुणी उघडलं नाही, कुलूप शाबूत, काच तर आज फुटली. आणि तरी आज भोकांत गम होता. मग तो घातला कुणी आणि कुठून?

४

इंद्रजीत वर्कशॉपमागच्या पायरीवर बसला होता. करमाळ्याकडच्या जेऊरचा पोरगा, हाडापेरानं मोठा, पण आज आकसून बसलेला. शेजारी फोन वाजत होता. पडद्यावर 'आई' आलं होतं आणि तो उचलत नव्हता.

"उचल की."

"काय सांगू तिला? आज फोटू पाठव म्हणली हुती मॉडेलचा. ग्रुपमदनं काढलंय ते अजून सांगितलं न्हाय मी तिला."

सिद्धेश्वरी त्याच्या शेजारी बसली आणि लगेच उठली. बसवत नव्हतंच. "ट्यूब कसली होती?"

त्यानं उजवा पाय उचलून बुटाचा तळ दाखवला. तळाच्या कडेनं गम वाळून पांढरा, काचेसारखा कडक झाला होता. तिनं नखानं खरवडला. नख घसरलं, गम हलला नाही. भोकांतला थर तर नखाला रुतत होता.

"खंडेनवमीला आत कशाला गेला होतास?"

त्यानं बूट खाली टेकवला. मग म्हणाला, "बघायला. भोकं मी पाडलीत, मॅडम. एकेक भोक. ग्रुपमदनं काढलं म्हणून काय, बघू वाटतंच की. पूजेला सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं, मला कुणी बोलावलं न्हाय. म्हणून सगळे बाहीर गेल्यावर गेलो."

"आणि फिरवलंस."

"व्हय. लई झकास फिरत हुतं."

"कुचकुच वाजत होतं?"

"न्हाय, आवाजच नव्हता. मलापण नवल वाटलं. आमी चालवायचो तवा वाजायचं ते. त्या दिशी गप फिरत हुतं, लोण्यावानी." त्यानं मान वर केली. "मॅडम, एक खरं सांगा. माझी भोकं घट्ट झाली म्हणून तर न्हाय ना तुटलं? मी गम न्हाय घातला. पण माझ्या भोकांमुळं अडाकलं असंल तर घाला माझ्यावर आळ. माझंच चुकलंय मग."

वर्ष जायची वेळ आलेली, आणि हा पोरगा भोकांचा विचार करत होता.

पण मघाचं वाक्य तिच्या कानात राहिलं. आवाजच नव्हता. रॉकेलनं धुतलेलं, कोरडं ठणठणीत यंत्र, स्टोअरला कुलूप, आणि तरी गप फिरत होतं. म्हणजे नंदीशनं धुतल्यानंतर आणि इंद्रजीत आत जायच्या आधी कुणीतरी त्यात वंगण घातलं होतं. अडवायला नाही, चालावं म्हणून.

५

दुपारी ती जेवायला घरी गेली ती केवळ आईच्या धाकानं. घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. सुंदरम्मा ताट वाढून वाट बघत होत्या.

"एनायतु गं? काय झालं? चेहरा बघ," आई म्हणाली. "मोदला ऊट माडु. आधी जेव, मग कॉलेजचं दुखणं."

सिद्धेश्वरी भाकरी मोडून हातात धरून बसली. डोक्यात कपाटच होतं. कुलूपबंद कपाटात गम कसा शिरेल? कुणी आलं नाही, गेलं नाही.

"तेवढा डबा उघडून दे," आईनं ओट्यावरून सांगितलं. "करडईच्या तेलाचा. दिवाळीचा सगळा फराळ शेंगतेलात केला, तेव्हापासून ह्याला हातच लागला नाही. आता झाकण हलेना."

सिद्धेश्वरीनं झाकण पिळलं. हलेना. पदर लावून पिळलं. झाकण कुरकुरत सुटलं आणि आट्यांवरून पिवळट, तपकिरी तार ओढली गेली.

तिनं डबा नाकाशी नेला. सकाळचाच वास.

"काय हुंगतीस? खवट झालंय का?"

"आई, धुण्याचा सोडा कुठंय?"

"जेवायला बसलीस की धुवायला?"

तिनं पातेल्यात पाणी तापवलं, मूठभर सोडा टाकला आणि झाकण अर्धं त्यात बुडवलं. थोड्या वेळानं आट्यांवरची चिकटण फेसाळून सुटली. तेवढा भाग लख्ख निघाला. पर्समधून तिनं रुमालात बांधलेली सळई काढली, सकाळी उपसलेली, आणि तीच पाण्यात धरली.

थर साबणासारखा पांढरा होऊन पाण्यात उतरला. खाली लोखंड चमकायला लागलं.

सोलापूरच्या कुठल्याही स्वयंपाकघरात विचारा. करडईचं तेल उघडं राहिलं की वाळतं. बरणीच्या तोंडाशी, डब्याच्या कानाशी त्याचा चिकटा होतो. शेंगतेलाचं असं होत नाही, मशीनच्या तेलाचं तर नाहीच. कपाटात कुणीही शिरलं नव्हतं. शिरायची गरजच नव्हती. पत्र्याखालच्या ऑक्टोबरच्या उन्हात, केसभर फटीत पसरलेलं तेल आपलं आपणच गम झालं होतं. भोकं सैल असती तर कदाचित निभावलंही असतं. इंद्रजीतची भोकं नेमकी होती म्हणून सळ्या गच्च बसल्या.

आता एकच प्रश्न राहिला होता, आणि त्याचं उत्तर मिळताच तिनं ताट बाजूला सारलं. खंडेनवमीला वर्कशॉपमधे करडईचं तेल होतं कुठं? समईत. पूजेला सर घरचंच तेल आणायचे. आणि समई आवरायला मागं कोण थांबलं होतं?

६

तिनं आधी खात्री करून घेतली. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुना व्हाइस होता, लोखंडाचा तुकडा आवळून धरायचा. नवे आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याच्याही कपाळावर भस्माचे पट्टे होते. तिनं मूठ फिरवली, फिरेना. मळसूत्रावर तोच पिवळट थर. इंद्रजीतचं नंदीशशी वैर असेल, पायलचं कोपराशी असेल, पण म्हाताऱ्या व्हाइसशी कोण वैर करेल? लेथ आणि ड्रिल मात्र ठीक होते. ती यंत्रं दसरा झाल्यावर लगेच चालू झाली होती, त्यांच्यावर रोज नवं तेल पडत होतं.

पाच वाजायला आले होते. केबिनच्या दारात येऊन ती घुटमळली. खरं सांगायचं तर तिला पळून जावंसं वाटत होतं. 'तेल कुणी घातलं ते कळत नाही,' असं म्हटलं तरी इंद्रजीत सुटला असता. सरांना कळलंही नसतं. पण मग वर्गातली पोरं काय म्हणाली असती? मॅडमनी वाचवलं त्याला, एवढंच. जन्मभर तो संशय त्याच्या पाठीला चिकटला असता.

ती आत गेली.

"सर, एक विचारू? पूजेला तेल तुमच्या घरचं असतं ना?"

"आमच्या शेतातल्या करडईचं. लाकडी घाण्यावरचं," सर लिहिता लिहिता म्हणाले. एवढ्या तणावातही त्यांचा चेहरा किंचित खुलला. "देवापुढं बाजारचं तेल मला पटत नाही."

"समईत उरलेलं तेल काय करता तुम्ही?"

"टाकत नाही. दिव्यातलं तेल टाकायचं नसतं. आमचे वडील बैलगाडीच्या आसाला घालायचे. मी यंत्रांना घालतो, दरवर्षी. थेंब थेंब, सगळ्यांना. ह्या पोरांच्या मॉडेललाही घातलं. कोरडं पडलं होतं बिचारं, म्हणून जरा जास्तच..."

ते थांबले. सिद्धेश्वरीनं दोन सळ्या टेबलावर ठेवल्या. एक येताना कोपरातून उपसलेली, चिकटलेली, एक सोड्यानं धुतलेली. मग पर्समधून करडईच्या डब्याचं झाकण काढून शेजारी ठेवलं, कारण त्याच्या न बुडालेल्या आट्यांत अजून तो चिकटा होता.

सरांनी झाकण उचललं, बोट फिरवलं. सळईवर बोट फिरवलं. घरात करडईचं तेल असलेल्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचं?

"इतकी वर्षं घालतोय," ते म्हणाले.

"इतकी वर्षं यंत्रं लगेच चालू व्हायची, सर. हे महिनाभर बंद राहिलं. आणि आधी रॉकेलनं धुतलेलं, त्यात दुसरं तेलच नव्हतं."

"मी त्याला काय काय म्हटलं सकाळी. काय माणूस म्हणायचा, असं म्हटलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "तू मला सांगायला घाबरलीस का गं?"

"घाबरले, सर."

सरांनी अहवाल पुढं ओढला. 'जबाबदार व्यक्ती' ह्यापुढे इंद्रजीतचं नाव होतं. त्यांनी ते खोडलं आणि त्याच अक्षरात, तितक्याच ठळक, स्वतःचं नाव लिहिलं. सिद्धेश्वरी म्हणाली की हा अपघात आहे, एवढं लिहिलं तरी पुरे. त्यांनी ऐकलं नाही. कागद हातात घेऊन ते उठले आणि प्राचार्यांकडे न जाता आधी वर्कशॉपमागच्या पायरीकडे गेले.

नंदीश, पायल, सगळी पोरं तिथं कोंडाळं करून उभी होती. सरांनी सगळ्यांसमोर कागद इंद्रजीतच्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं वाच."

इंद्रजीतनं वाचलं. नावाशी आला आणि अडखळला. पुन्हा वाचलं.

"गम नव्हता तो. समईचं तेल होतं, मी घातलेलं," सर म्हणाले. "तुझी भोकं बरोबर होती. बरोबर होती म्हणूनच अडकलं. मला माफ कर, बाळा."

मग नंदीश पुढं झाला. त्यानं तुटलेली सळई पुढं केली. "नवीन वाकवायला पाहिजे. मला नाही जमायची तुझ्यासारखी. येतोस का?"

पायल सोड्याचं पाणी तापवायला गेली. इंद्रजीतनं सळई तापवून वाकवली, काटकोन तपासायच्या गुण्याला लावून बघितली, परत तापवली, परत लावून बघितली. सरांनी स्टोअर स्वतः उघडलं आणि मशीनच्या तेलाचा डबा आणून त्याच्याजवळ ठेवला. स्वतः मात्र लांब उभे राहिले.

इंद्रजीतनं तिन्ही सळ्या बसवल्या. तेलाचा डबा उचलला, आणि काहीतरी मनात येऊन थांबला.

"सर, तुमी घाला की."

"नको रे बाबा. माझ्या हाताला आता भीती वाटते."

"घाला की. डबा मी वाचलाय," इंद्रजीत म्हणाला. "मशीनचंच हाय."

पोरं हसली. सरही हसले, ओल्या डोळ्यांनी, आणि त्यांनी थेंब थेंब तेल घातलं. इंद्रजीतनं नळकांड्याला हात लावला. कोपर फिरायला लागलं. सिद्धेश्वरी पहिल्यांदाच एका जागी उभी राहून ते बघत होती.

पायरीवर ठेवलेला फोन पुन्हा वाजला. इंद्रजीतनं तेलकट हात पँटला पुसले आणि तो उचलला. "आई, थांब," तो म्हणाला, "फोटू न्हाय, व्हिडिओच लावतो. तूच बघ कसं फिरतंय ते."